पायावरच्या दोन रेघा

नवरात्राची सहावी माळ होती. झुंबरबाई सकाळी गाईला वैरण टाकून आत आली, तिने घटाला पाणी घातलं आणि झाडायला म्हणून केरसुणी घेऊन वळली, तर उंबऱ्याच्या आत फरशीवर एक लाल पाऊल उमटलेलं. बोटं स्पष्ट, टाच अर्धवट, तोंड घराकडे. तिच्या अंगावर काटा उभा राहिला. केरसुणी तिथेच टाकून तिने करंडा आणला, गुडघे टेकले, पावलाला हळदकुंकू वाहिलं आणि कपाळ फरशीला लावलं. मग शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "सहादेव भाऊ, आवं लवकर या! आई आली घरात!"

सहादेव तिचा धाकटा दीर. तो तोंडातली राखुंडी थुंकून आला, त्याने पावलापुढे हात जोडले आणि मग त्याची नजर फरशीवरून पुढे सरकत गेली.

"वैनी, हितं अजून एक हाय. आन् हितं बी."

पावलं उंबऱ्यापासून घटापर्यंत गेली होती, घटापासून कोनाड्यापर्यंत, आणि कोनाड्यापासून झुंबरबाई उभी होती तिथवर.

"सगळी उजव्याच पायाची हायेत. आई काय लंगडी घालीत आली व्हय?" त्याने हसू आणायचा प्रयत्न केला, पण ते आलं नाही. "वैनी, पाय उचला बरं तुमचा."

तिने भिंतीला धरून पाय उचलला. चवड्याखालची कातडी मोठ्या फोडासारखी सुटून आली होती आणि करंगळीच्या बुडाशी बाटलीच्या काचेचा एक तुकडा रुतलेला होता. सहादेवने तो चिमटीत धरून ओढला. काच बाहेर आली, तिच्यामागून रक्त आलं. झुंबरबाई दिराच्या तोंडाकडे पाहत होती.

"दुखलं न्हाई?"

"न्हाई."

"कायबी न्हाई?"

"न्हाई म्हनलं ना. सोडा आता पाय, कुनी बघंल."

सहादेव काच उजेडात धरून पाहत राहिला. तो घाबरला होता. झुंबरबाई अजून घाबरली नव्हती.

न दुखण्याचा तिला अभिमान होता. पाथर्डी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगराखाली तिचं गाव. जमीन होती, पण पाणी नव्हतं, त्यामुळे लग्नानंतरची बरीच वर्षं नवरा रामहरी आणि ती कोयता घेऊन ऊसतोडीला जात. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, तेही पावसाने फळी निसरडी झालेली असताना, हे काम बाया सहसा टाळत. झुंबरबाई टाळत नसे. "झुंबराचा पाय फळीवर पडला की फळीच नीट ऱ्हाती," असं टोळीतली माणसं म्हणत. कानिफनाथ जन्मला त्या वर्षी तिने मोहट्याच्या देवीला बोलून ठेवलं की नवरात्रात नऊ दिवस पायात काही घालणार नाही आणि देवीला चालत येईन. पुढे रामहरी गेला, कोयता सुटला, मुलगा नगरच्या एमआयडीसीत कंपनीत लागला आणि सावेडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहू लागला. झुंबरबाईचं अनवाणी चालणं मात्र सुटलं नाही.

आधी आधी तिला त्याचा त्रास होई. दुपारचं डांबर, कडेची खडी, बाभळीचे काटे. परतल्यावर ती रात्रभर पाय चोळत बसे. पण गेल्या तीन-चार वर्षांत तो त्रास हळूहळू नाहीसा झाला. तापल्या रस्त्यावर बरोबरीच्या बाया गवताचा पट्टा शोधत आणि ती मधोमध चालत राही. बाया नवल करत. ती म्हणे, "मी कुठं चालती? आता आईच चालवती मला." बायांनी तिच्या पाया पडायला सुरुवात केली होती.

मधुमेह तिला होता हे तिला ठाऊक होतं. उपकेंद्रातून गोळ्या मिळत, त्या ती उपास नसेल तेव्हा घेई. गोड खायचं नाही एवढाच त्या आजाराचा अर्थ तिला कुणीतरी सांगितला होता. हा आजार पायातून वेदना काढून नेतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं; किंवा सांगितलं असेल, तर रांगेत, घाईघाईत, तिच्यामागच्या बाईचं नाव पुकारता पुकारता.

जखमेत हळद भरून तिने चिंधी बांधली आणि उरलेल्या माळाही अनवाणीच काढल्या. नवस मध्येच मोडायचा नव्हता. दसऱ्याला कानिफनाथ लहान पोराला सासुरवाडीला ठेवून बायकोला घेऊन गावी आला. आपट्याची पानं द्यायला सून रेश्मा वाकली आणि वाकलेलीच थांबली.

"आत्या, वास कशाचा येतोय?"

"कशाचा? गोठ्यातून आलेय मी."

"गोठ्याचा न्हाई हा." रेश्माने चिंधी सोडली. करंगळी काळी पडली होती. शेजारचं बोट निळसर, आणि तळव्यातून पाण्यासारखं काहीतरी झिरपत होतं. घोट्यावरची कातडी लाल आणि तकतकीत दिसत होती. रेश्माने पदर नाकाला लावला, मग लाजून काढला. तालुक्याच्या डॉक्टरांनी पट्टी उघडली, तशीच पुन्हा झाकली आणि कानिफनाथला म्हणाले, "नगरला न्या. घरी जाऊन कपडे वगैरे घ्यायचे नाहीत, इथूनच न्या."

त्या वाक्याने झुंबरबाईला पहिल्यांदा भीती वाटली.

गाडीत मागच्या सीटवर पाय आडवा टाकून ती बसली होती. शेजारी रेश्मा, पुढे कानिफनाथ आणि सहादेव. कुठे न्यायचं यावर बोलणं चाललं होतं. झुंबरबाईच्या डोळ्यांपुढे दोन दवाखाने होते आणि दोन्ही मरणाचे होते. रामहरीला लकवा मारला तेव्हा त्याला एका सरकारी दवाखान्यात नेलं होतं. खाट मिळेपर्यंत तो व्हरांड्यात सतरंजीवर पडून होता. येणारेजाणारे त्याला ओलांडून जात, आणि खाट मिळाली त्याच दिवशी तो गेला. सहादेवच्या बायकोला खाजगीत नेलं होतं. तिथे तिला काचेच्या दारामागे ठेवलं. दाराशी बसलेल्या कुणालाच आत काय चाललंय ते कळलं नाही. रोज सांगत, स्थिर आहे. शेवटी दार उघडलं तेव्हा तिचं अंग थंडगार होतं, आणि ती कधी गेली हे नेमकं कुणी सांगू शकलं नाही.

"सरकारीत नगं," सहादेव म्हणाला. "दादाचं काय झालं ते बघितलंय आपन."

"मी कुठं म्हणतोय सरकारीत?" कानिफनाथ म्हणाला. "कंपनीतल्या साहेबांनी एक हॉस्पिटल सांगितलंय. सगळ्या सोयी आहेत."

झुंबरबाईला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी दोन मरणांतलं कुठलं निवडावं हे तिला सांगता आलं नसतं.

ते खाजगी रुग्णालय थंड होतं. दारं आपोआप सरकत होती. फरशी इतकी स्वच्छ की आपल्या पायाच्या वासाची तिला लाज वाटली. तिला चाकाच्या खुर्चीत बसवून ताबडतोब आत नेलं, कुठेही थांबावं लागलं नाही. पायावर थंडगार मलम फासून कसलीशी तपासणी झाली. पडद्यावर निळेलाल ठिपके धावत होते. "काय दिसतंय, बाई?" तिने विचारलं. "रिपोर्ट सर बघतील, आजी," ती मुलगी गोड आवाजात म्हणाली. तिथे सगळेच गोड आवाजात बोलत. मोठे डॉक्टर आले, खाटेपासून हातभर अंतरावर उभे राहिले, सहायकाने पट्टी उघडली, त्यांनी पाहिलं, मान हलवली. "काळजी करू नका हं, आजी," म्हणाले आणि कानिफनाथच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाहेर घेऊन गेले.

दाराच्या काचेतून तिला मुलगा दिसत होता. डॉक्टर बोलत होते. कानिफनाथ आधी मान डोलावत होता, मग त्याची मान थांबली. त्याने एका हाताने स्वतःचा गुडघा चाचपला, उभ्या उभ्याच, नकळत.

तो आत आला तेव्हा हसत होता.

"किरकोळ ऑपरेशन आहे, आई. उद्या सकाळी."

"कशाचं?"

"बोटाचं. साफ करायचंय."

दुपार कलल्यावर हिरव्या कपड्यातला एक तरुण डॉक्टर आला. त्याने तिचं नाव विचारलं, मनगटावरच्या पट्टीवरचं नाव वाचलं, उजव्या पायावरून लुगडं वर सारलं आणि जाड काळ्या पेनाने गुडघ्याच्या चार बोटं खाली एक आडवी रेघ मारली. रेघेकडे निर्देश करणारा एक बाणही काढला.

झुंबरबाईने पायाकडे पाहिलं. जखम कुठे आणि रेघ कुठे.

"सायेब, दुखनं बोटाला हाय. खून हितं कशापायी केली?"

तो गोंधळला. "तुमच्या मुलाला सगळं समजावून सांगितलंय, आजी."

"पाय माझा हाय."

"ते सर सांगतील तुम्हाला," असं म्हणून तो घाईने निघून गेला. खोलीतलं यंत्र टिकटिक करत राहिलं. झुंबरबाई त्या रेघेला हात लावून बसली. शेतात मोजणीवाले खुणा करून जातात, मग तिथून पुढचं आपलं राहत नाही, तसं तिला वाटलं. रेघेच्या खालची पोटरी, घोटा, टाच सगळं तिच्याच अंगाला होतं आणि आता तिचं नव्हतं. पाणी हवं होतं, पण तिने ते मागितलं नाही. आपण हाक मारली तर कुणीतरी गोड बोलून निघून जाईल, याचीच तिला जास्त भीती वाटली.

कानिफनाथ चहा घेऊन आला. तिने पायावरचं पांघरूण काढलं.

"हे काय हाय?"

त्याने कप खाली ठेवला.

"आई, विष चढतंय वर. पाय ठेवला तर जीव जाईल म्हणले."

"मला इच्चारलं का कुनी?"

"तू घाबरली असतीस."

"आता काय नाचू मी?" ती ओरडली. "उद्या डोळं उघडल्यावर बघनार हुते व्हय मी? म्हशीला सुई टोचायच्या आधी बी मालक तिच्या अंगावरनं हात फिरवतो रं."

कानिफनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. सहादेव दाराशी उभा राहून छताकडे पाहू लागला. तेव्हा रेश्मा पुढे झाली.

"एकदा सरकारीत दाखवू का? माझ्या बाळंतपणाला बाहेर सिझर सांगितलं होतं, आणि सरकारीत नीट मोकळी झाले."

"बाळंतपन येगळं, ह्ये येगळं," सहादेव म्हणाला. "आन् दादा?"

"लोक काय म्हणतील?" कानिफनाथ म्हणाला. "आईला चांगल्या हॉस्पिटलातून उचललं आणि सरकारीत नेऊन टाकलं. काही कमीजास्त झालं तर जन्मभर तोंड दाखवायला जागा नाही मला."

"तोंड तुझं, पाय माझा," झुंबरबाई म्हणाली. सरकारी म्हटल्यावर तिला तो व्हरांडा, ती सतरंजी, ओलांडून जाणारे पाय सगळं दिसत होतं. पण तिथे रामहरीला जे झालं ते निदान सगळ्यांच्या समोर झालं होतं. "मला तिकडं न्या. कुनीतरी माझ्या तोंडावर बोललं म्हंजी झालं. मग काप म्हनलं तर कापू."

जायचं ठरल्याचं कळताच मोठे डॉक्टर स्वतः आले. रागावले नाहीत. प्रथमच ते खाटेजवळ खुर्ची ओढून बसले, पण बोलले कानिफनाथशीच. "तुमचा निर्णय आहे. मी माझ्या आईलाही हेच सांगितलं असतं. जंतू वर गेले तर तासांचा प्रश्न असतो. कुठेही न्या, पण घरी नेऊ नका." सगळे रिपोर्ट त्यांनी व्यवस्थित पाकिटात घालून दिले. तो माणूस वाईट नव्हता, आणि म्हणूनच झुंबरबाईची भीती वाढली. वाईट माणसाचं बोलणं झटकून टाकता आलं असतं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात त्यांना कुणी आत नेलं नाही; आत जावं लागलं. स्ट्रेचर सहादेवने शोधून आणलं, त्याचं एक चाक आपल्या मनाने वळत होतं. ढकलायचं कानिफनाथने, कागद करायचे रेश्माने. अपघाताचा एक पोरगा आला, त्याला आधी घेतलं. विंचू चावलेली एक बाई किंचाळत होती. झुंबरबाई व्हरांड्यात स्ट्रेचरवर पडून होती आणि माणसं तिच्या कडेने जात होती. व्हरांडा दुसरा, दवाखाना दुसरा, पण तिने डोळे गच्च मिटून घेतले. ओलांडून जाणारं कुणी दिसू नये म्हणून.

"कुणाचा आहे हा पाय?"

तिने डोळे उघडले. चाळिशीचे, दाढी वाढलेले एक डॉक्टर तिच्या पायाशी उकिडवे बसले होते. त्यांनी पट्टी स्वतः सोडली. नाक जवळ नेऊन वास घेतला. पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटून काहीतरी शोधत राहिले. मग पाकिटातला त्या निळ्यालाल ठिपक्यांच्या तपासणीचा रिपोर्ट मागितला, वाचला.

"हा रिपोर्ट आणलात ते बरं केलंत. आमच्याकडे या तपासणीला दोन दिवस लागले असते." आणि एकदम आवाज चढवून म्हणाले, "अनवाणी चाललात ना?"

"नवस हुता, सायेब."

"शुगर किती आहे माहितीय? फोड आला तरी चाललात! पाय बधिर झालाय तुमचा, मावशी. दुखत नाही म्हणजे बरं नाही, दुखत नाही म्हणजे मेलंय ते!"

सगळा व्हरांडा ऐकत होता. विंचवाची बाईसुद्धा मान वळवून बघू लागली. झुंबरबाईचं तोंड लाजेने आणि भीतीने काळवंडलं. आई चालवते असं ती ज्याला म्हणत आली होती त्याचं नाव हे होतं. अंगाचा एक भाग तिच्या नकळत मेला होता आणि बायका त्याच्या पाया पडत होत्या.

"त्या डॉक्टरांनी सांगितलं ते खोटं नाही," ते आता तिच्याकडे पाहून बोलत होते. "पण पायात रक्त पोचतंय अजून. दोन बोटं जाणारच. आतली घाण काढतो. पाय राहील का, ते आज मी सांगू शकत नाही. राहिला, तरी दोन-तीन महिने ड्रेसिंग. गावाकडची माणसं बोटं काढून घरी जातात ती येतच नाहीत, आणि येतात तेव्हा मांडीपर्यंत सडलेलं असतं. म्हणून एकदाच कापून मोकळं करतात. कळलं? तुमच्याबरोबर माणूस कोण राहणार?"

तिघेही एकमेकांकडे पाहू लागले. कानिफनाथची कंपनी होती, रेश्माचं पोर लहान होतं, सहादेवची जनावरं होती. त्या वेळी झुंबरबाईला जेवढं भय वाटलं तेवढं रेघ पाहूनही वाटलं नव्हतं. खाजगीत माणूस लागत नव्हता. तिथे माणसाला बाहेर बसवत. इथे माणूस नसेल तर सगळंच थांबणार होतं.

"मी ऱ्हातो," सहादेव म्हणाला. "गाई काय, कुनीबी पिळंल."

"बायकांच्या वॉर्डात तुम्ही कसे राहाल?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग बाहेर तुमी, आत मी," रेश्मा म्हणाली. "पोराला माझी आई सांभाळंल."

डॉक्टरांनी खिशातून साधं निळं बॉलपेन काढलं आणि पोटरीवर, जिथे लाली संपत होती तिथे, एक वाकडीतिकडी रेघ ओढली. वरची काळी रेघ त्यांनी पाहिली, पण तिच्याविषयी काही बोलले नाहीत.

"ही लाली या रेघेच्या खाली राहायला पाहिजे. वर गेली, तर मग मीही तेच करणार जे तिथे सांगितलं. तुम्ही स्वतः बघायचं, मावशी. आमच्याकडे एक सिस्टर आणि एवढ्या खाटा. तुम्हीच बघायचं आणि ओरडून सांगायचं."

दोन बोटं त्याच दिवशी गेली.

खाटेवर आणून टाकताच तिने हात खाली नेला. पाय होता. पट्ट्यांचं मोठं बोचकं होतं. वॉर्डात खाटा इतक्या जवळ की शेजारणीने कूस बदलली तर आपली खाट हले. ती शेजारीण पारनेरकडची गोजरबाई. तिचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

"बोटं दिली का? दोनच?" गोजरबाईने विचारलं. "मी बी दोनच दिली हुती पयल्यांदा. मंग घरी गेले. कांदं काढायचं दीस हुतं, ड्रेसिंगला कोन येतंय? चटक लागली डाक्टरला, त्यानं पुढच्या खेपंला हितपतुर घेतलं." आणि ती मोकळेपणाने हसली. "तुझ्या पायावर ह्या रेघा कशाच्या गं? रांगोळी काढली का?"

झुंबरबाईने सांगितलं. गोजरबाईचं हसू ओसरलं.

"खालचीच बघ," ती म्हणाली. "वरचीकडं बघूच नगं."

पण वरचीकडे पाहिल्याशिवाय राहवत नसे. झुंबरबाईचा दिवस त्या दोन रेघांमध्ये सरू लागला. वॉर्डात फिनेलचा, रक्ताचा आणि डब्यातल्या भाजीचा वास एकत्र झालेला असे. सिस्टर खेकसे, पण औषधाला चुकत नसे. ड्रेसिंग पडद्याशिवाय होई आणि सगळा वॉर्ड मान वळवून पाही. तिच्या जखमेचं काय चाललंय हे तिला, गोजरबाईला आणि पलीकडच्या भिंतीशी पडलेल्या म्हातारीलाही एकाच वेळी कळे. रेश्मा खाटेखाली चटई टाकून निजे आणि उठली की आधी पोटरीवरची रेघ बघे. लाली रेघेला टेकून होती. हलत नव्हती.

मग एका संध्याकाळी, रेश्मा बाहेरच्या दुकानातून औषध आणायला गेली असताना, झुंबरबाईने चादर सारली आणि तिला दिसलं की लाली रेघेच्या वर आली आहे. फार नाही, बोटाच्या पेराएवढी. ती बराच वेळ पाहत राहिली. उजेड कमी असेल म्हणून पाय खिडकीकडे वळवला. लाली तिथेही तेवढीच होती. अंगात कणकण होती. तिला वाटलं होतं पंख्याने असेल.

तिने चादर ओढून घेतली. पायाला नीट गुंडाळून खोचली. रेश्मा आली, "रेघ बघितली का?" म्हणाली, आणि झुंबरबाई म्हणाली, "बघितली. हाय तितंच हाय."

तिला वाटलं की ती सांगत नाही तोवर ते झालेलं नाही. इथे यंत्र नव्हतं टिकटिकणारं, दर तासाला येऊन पाहणारं कुणी नव्हतं. तिने चादर काढली नाही तर ती काढणारं कुणी नव्हतं. हेच तिला हवं होतं आणि याचंच भय वाटत होतं. खाजगीत तिच्यापासून तिचा पाय लपवला होता. आता ती स्वतःच तो लपवत होती.

डॉक्टरांची फेरी आली. गोजरबाईची जखम पाहून ते झुंबरबाईच्या खाटेशी आले. "काय मावशी, बरंय ना?" तिने मान हलवली. ते पुढे गेले. पुढच्या खाटेवरच्या बाईच्या पोटावर हात ठेवून काही विचारू लागले. झुंबरबाईला त्यांची पाठ दिसत होती आणि दार दिसत होतं. दोन खाटा उरल्या होत्या, मग ते जाणार होते. चादरीखालचा पाय तिला कळत नव्हता, कधीच कळत नव्हता. त्यात आग असेल तरी तो तिला सांगणार नव्हता. तोंडातून शब्द निघाला तो तिलाच परका वाटला.

"सायेब!"

सगळा वॉर्ड वळला.

"सायेब, रेघंच्या भायेर गेलंय." तिने चादर फेकून दिली. "मघाच गेलंय. मी झाकून ठिवलं हुतं."

रेश्माच्या हातातली पिशवी खाली पडली. डॉक्टर परत आले, पोटरी दाबून पाहिली, सिस्टरकडे वळून दोन औषधांची नावं सांगितली. झुंबरबाईने त्यांची बाही धरली.

"कापनार का?"

"आत्ताच आत घेतो. उघडल्यावर कळेल. पू एका जागी साठला असेल तर काढता येईल, पाय राहील. वर पसरला असेल तर..." त्यांनी काळ्या रेघेवर बोट ठेवलं. "मग इथून. सकाळपर्यंत थांबला असतात तर विचारायची गरजच उरली नसती."

"मला सांगून करा," ती म्हणाली. "कमरंत सुई देता ना? मी जागी असती. कापायच्या आधी सांगा."

"सांगेन."

स्ट्रेचर रेश्माने आणि धावत आलेल्या सहादेवने मिळून ढकललं. ऑपरेशनच्या खोलीत डोळ्यांपुढे हिरवं कापड ताणलेलं होतं आणि त्यापलीकडचं तिला दिसत नव्हतं. फक्त हत्यारांचा आवाज येत होता आणि डॉक्टरांचं तुटक बोलणं. ती प्रत्येक शब्द पकडत होती आणि एकाचाही अर्थ लागत नव्हता. मध्येच सगळे गप्प झाले. त्या शांततेत तिने वाट पाहिली. दातांवर दात घट्ट धरून, कुणीतरी आता "मावशी" म्हणेल आणि मग पुढचं वाक्य येईल, याची.

"मावशी," डॉक्टर म्हणाले.

तिने डोळे मिटले.

"पू चवड्यातच होता. निघाला. अजून एक बोट घेतोय, मधलं. घेऊ?"

तिला हुंदका आला. रडतच तिने मान हलवली आणि मग त्यांना कापडापलीकडून मान दिसणार नाही हे ध्यानात येऊन मोठ्याने म्हणाली, "घ्या."

दुसऱ्या दिवशी कानिफनाथ कामावरून परस्पर आला. डॉक्टर फेरीवर होते. त्यांनी पोटरीवरची लाली पाहिली; ती निळ्या रेघेच्या थोडी खाली उतरल्यासारखी दिसत होती, पण ते तसं म्हणाले नाहीत. कानिफनाथने हात जोडले आणि हळूच त्यांच्या कोपराला स्पर्श करून म्हणाला, "सर, जरा बाहेर बोलू का?" डॉक्टर त्याच्याबरोबर दाराकडे दोन पावलं गेले.

"ए कानिफा," झुंबरबाई म्हणाली. आवाज बारीक होता, तरी दोघेही थांबले. "जे काय असंल ते हितं बोला. माझ्यापाशी."

डॉक्टर मागे वळले. खुर्ची नव्हती, म्हणून ते तिच्या खाटेच्या कडेवर टेकले आणि बोलू लागले. धोका टळलेला नाही, आठवडाभर तरी काही सांगता येणार नाही, आणि घरी गेल्यावर एकही ड्रेसिंग चुकलं तर हे सगळं पुन्हा होईल, असं ते सांगत होते. गोजरबाई एका कोपरावर उठून ऐकत होती. झुंबरबाईने खाटेची लोखंडी दांडी घट्ट धरली होती. तिने डॉक्टरांच्या तोंडावरून नजर काढली नाही आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत एकदाही पुरे म्हटलं नाही.